गॅरेज कट्टा : इंजिन बदलताय? आधी त्याच घराण्यातलं शोधा

या महिन्यात इंजिन बदलण्याबद्दलची बरीच पत्रं आलीत, त्यातली तीन घेतोय. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण पैसे कमी असताना नक्की काय करायचं हा जो त्यातला प्रश्न आहे तो जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच.

प्रश्न : नमस्कार सर. मी मूळचा साताऱ्याचा, आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. गेल्या वर्षी एका आजोबांकडून १९७२ची डॅटसन २४०झेड, म्हणजे निस्सानची जुनी स्पोर्ट्स कार, घेतली, बरीच वर्षं त्यांच्या शेडमध्ये पडून होती. बॉडी मस्त आहे, खाली गंज फारसा नाही. पण इंजिन गेलंय. तिसऱ्या आणि चौथ्या सिलेंडरला कॉम्प्रेशन (आतला दाब) जवळपास नाहीच, निळा धूर येतो आणि ऑइल-पाणी एक झालंय. मशीन शॉपवाल्याने बोअर, पिस्टन, क्रँक, हेड सगळं धरून जो आकडा सांगितला तो ऐकून बायको म्हणाली गाडीच विकून टाक. इंजिनासाठी माझ्याकडे चार हजार डॉलर बाजूला आहेत, त्याच्यावर जायचं नाही. ऑफिसमधला एक मित्र म्हणतो शेवरलेचं एलएस व्ही८ टाक, भंगार गाड्यांच्या यार्डात स्वस्त मिळतं. दुसरा म्हणतो जपानहून आरबी२५ मागव. काम मला स्वतः करायचंय, घरी गॅरेज आहे, इंजिन होइस्ट भाड्याने मिळतो. लहानपणी बाबांबरोबर स्कूटरचं इंजिन खोललंय, पण गाडीचं कधी काढलेलं नाही. काय करू? — एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : सगळ्यात आधी अभिनंदन, कारण २४०झेडचं इंजिन मिळतं पण न गंजलेली बॉडी आता मिळत नाही, आणि ती तुमच्या हातात आहे. गाडी विकू नका. चार हजारात तुमचं काम होईल, फक्त एलएस आणि आरबी दोन्ही डोक्यातून काढा.

मित्र चुकीचं सांगत नाहीये, एलएसचं इंजिन यार्डात खरंच स्वस्त मिळतं. पण जे स्वस्त मिळतं ते बहुतेक वेळा पिकअप ट्रकातलं ५.३ लिटरचं असतं, त्यातल्या बऱ्याचशांचा ब्लॉक (सिलेंडर असलेला मुख्य भाग) बिडाचा, म्हणजे जड असतो, आणि मुख्य म्हणजे इंजिनाची किंमत हा त्या कामातला छोटा भाग आहे. इंजिन आलं की त्याला फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन ज्यांच्यावर टेकतं त्या, नव्या ब्रॅकेट लागतात, चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) वेगळा लागतो, गिअरबॉक्स वेगळा, प्रॉपेलर शाफ्ट नव्याने बनवून घ्यायचा, वायरिंग आणि कॉम्प्युटर, इंजेक्शनसाठी हाय प्रेशरचा पेट्रोल पंप आणि रिटर्न लाइन, मोठा रेडिएटर, दोन्ही बाजूंचे एक्झॉस्ट, आणि हे सगळं झाल्यावर मागचं हाउसिंग, म्हणजे डिफरन्शियल. तुमच्या गाडीत आर१८० हाउसिंग आहे, व्ही८चा टॉर्क त्याच्यावर रोज टाकणं बरोबर नाही, म्हणजे ते बदला, मग हाफ शाफ्ट बदला, मग ब्रेक बदला. एकेक वस्तू फार महाग नसते पण यादी संपत नाही, आणि अशा अर्ध्यावर थांबलेल्या झेड गाड्या मी किती तरी गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली बघितल्यात. आरबीचं तसंच. इंजिन निस्सानचंच आहे, सहा सिलेंडर एका रांगेतलंच आहे, ऐकायला सुंदर वाटतं, पण चार हजारात ते गाडीत बसून चालू होत नाही.

तुम्हाला हवंय एल२८. तुमचं मूळ इंजिन एल२४, २३९३ सीसी. बोअर ८३ मिमी, स्ट्रोक ७३.७. निस्सानने पुढे त्याच घराण्यात १९७४च्या २६०झेडसाठी एल२६ काढलं आणि १९७५पासून २८०झेडमध्ये आणि नंतर १९८३पर्यंत २८०झेडएक्समध्ये एल२८ दिलं, बोअर ८६, स्ट्रोक ७९, २७५३ सीसी. म्हणजे ३६० सीसी जास्त, आणि बाहेरून ब्लॉक तोच. तुमच्या फाउंडेशनच्या ब्रॅकेट त्याला लागतात, तुमचा गिअरबॉक्स त्याच बोल्टांवर बसतो, तुमचे कार्ब्युरेटर बसतात, शाफ्ट तोच, हाउसिंग तेच, रेडिएटरचे पाइप तेच. वेल्डिंग नाही, कापाकापी नाही, आणि पुढेमागे मूळ इंजिन परत बसवावंसं वाटलं तर एका शनिवार-रविवारात बसतं.

आता कागदावर बघाल तर २४०झेडला १५१ हॉर्सपॉवर लिहिलंय आणि २८०झेडला १४९, मग फायदा काय असं वाटेल. तर १५१ हा आकडा जुन्या ग्रॉस पद्धतीचा आहे, म्हणजे इंजिन नुसतं स्टँडवर ठेवून, फॅन-सायलेन्सर न लावता मोजलेला, आणि १४९ हा नेट पद्धतीचा आहे, सगळं लावून मोजलेला. अमेरिकेत १९७२च्या आसपास मोजायची पद्धत बदलली त्यामुळे जुन्या गाड्यांचे आकडे असे फसवतात. रस्त्यावर एल२८ घातलेली २४०झेड स्पष्टपणे जास्त ओढते, विशेषतः खालच्या आरपीएमला, आणि गाडीचं वजन हजार-साडेदहाशे किलोच्या आसपास असल्यामुळे तो फरक चालवताना पहिल्याच चढावर कळतो.

इंजिन शोधताना दोन नंबर बघायचे. प्लगच्या बाजूला, हेडच्या (ब्लॉकवर बसणारा वरचा भाग) जरा खाली ब्लॉकवर एक सपाट जागा आहे, तिथे एल२८ आणि पुढे नंबर ठोकलेला असतो. शिवाय ब्लॉकवर ओतीव अक्षरं असतात, एन४२ म्हणजे १९७५ ते ८०चा, एफ५४ म्हणजे १९८१ ते ८३चा. हेडवरही असंच असतं, एन४२, एन४७, पी७९, पी९०. हे महत्त्वाचं अशासाठी की एन४७ आणि पी७९ हेडमध्ये एक्झॉस्ट पोर्टला आतून लायनर असतात आणि पोर्टचं तोंड गोल असतं, तुमच्या २४०च्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं तोंड चौकोनी. तसं हेड मिळालं तर मॅनिफोल्ड आणि पॅकिंग जुळतंय का ते आधी बघा, इंजिन गाडीत बसल्यावर नाही. एन४२ हेड आणि एन४२ ब्लॉक अशी जोडी मिळाली तर डोळे झाकून तीच घ्या, खोलगट पिस्टन, कॉम्प्रेशन रेशो ८.३, काही कटकट नाही. एफ५४ ब्लॉकमध्ये सपाट पिस्टन असतात, पी७९ हेडबरोबर ८.८ येतो, तेही उत्तम. तुम्हाला कोणीतरी हमखास सांगेल की तुझ्या जुन्या इंजिनाचं हेड एफ५४वर लाव म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं. वाढतं, दहाच्याही वर जातं, पण तुमच्याकडे कॅलिफोर्नियात पंपावर प्रीमियम म्हणजे ९१ ऑक्टेन, त्याच्यावर ते इंजिन उन्हाळ्यात चढाला खडखडायला लागेल. नको.

विकत घेण्याआधी कॉम्प्रेशन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, सहाही सिलेंडर मोजा. आकडा नेमका किती आला त्यापेक्षा सहाही एकमेकांच्या जवळ आहेत का ते जास्त महत्त्वाचं, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यात दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर सोडून द्या. मग थर्मोस्टॅटचं झाकण काढा. हेड अॅल्युमिनियमचं आहे, ज्याने वर्षानुवर्षं नुसतं पाणी घालून गाडी चालवली त्याच्या हेडमध्ये पाण्याच्या वाटा आतून खाल्लेल्या असतात, पांढरी पूड आणि खड्डे दिसतात. असं हेड वेल्डिंग करून वाचवता येतं पण तुमच्या बजेटमध्ये नाही. शेवटी वरचं टॅपेट कव्हर उघडून कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) लोबवरून, म्हणजे उंचवट्यांवरून, बोट फिरवा. या इंजिनात रॉकर थेट कॅमवर घासतो, तेलाची वाट बुजलेली असेल तर लोब झिजतो आणि बोटाला कड लागते. कॅम गुळगुळीत असेल, तर त्याला हात लावू नका. कॅमचे टॉवर हेडबरोबर एकत्र बोअर केलेले असतात, ते उगाच सोडवून परत लावले तर कॅम जाम होतो.

पैशाची वाटणी मी अशी करीन : इंजिनाला एकूण रकमेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. तेवढ्यात मिळालं नाही तर थांबा, महिना-दोन महिने थांबा, २८०झेडएक्सचे सुटे भाग करून विकणारे लोक आहेत. उरलेल्यातला मोठा भाग क्लच, सगळे ऑइल सील, पॅकिंग सेट, वॉटर पंप, होज पाइप, फाउंडेशन रबर आणि रेडिएटर साफ करून घेणं यावर. आणि थोडी रक्कम शिवायची नाही म्हणून बाजूला, कारण पन्नास वर्षं जुन्या गाडीचा बोल्ट कुठे तुटेल ते आधी सांगता येत नाही. इंजिन बाहेर असताना मागचं क्रँक सील बदलायला तासभर लागतो, तेच नंतर गळायला लागलं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून सील चांगलं दिसतंय म्हणून ठेवून देऊ नका.

आता बसवताना जिथे लोक अडकतात त्या जागा सांगतो.

चेंबर आणि आतली तेल ओढणारी जाळी तुमच्या जुन्या इंजिनाचीच लावा, तेल बघायच्या काडीसकट. झेडएक्सचा चेंबर तुमच्या पुढच्या क्रॉसमेंबरला (इंजिनाखालचा आडवा पत्रा) नडतो. पुली आणि टायमिंग कव्हरवरची खूण हीसुद्धा एकाच इंजिनाची जोडी ठेवा, कारण वर्षांप्रमाणे खुणेची जागा बदललीय आणि एकाची पुली दुसऱ्याच्या कव्हरला लावली की टायमिंग लाइट मारून काही उपयोग नाही, आकडाच खोटा येतो.

क्लच. हे नीट वाचा, कारण सगळं बसवून झाल्यावर क्लच सुटत नाही अशी तक्रार घेऊन जे येतात त्यातल्या बहुतेकांचं हेच झालेलं असतं. झेडमध्ये २२५ मिमीचा क्लच आहे आणि २४० मिमीचाही आहे, प्रेशर प्लेटची उंची वेगवेगळी, आणि क्लच बेअरिंग ज्या कॉलरवर दाबून बसवतात ती कॉलरही त्याप्रमाणे लांब-आखूड. कॉलर गिअरबॉक्सबरोबर जात नाही, फ्लायव्हीलबरोबरही जात नाही, ती प्रेशर प्लेटबरोबर जाते. प्रेशर प्लेट ज्या गाडीची घेतली कॉलर त्याच गाडीची. शंका असेल तर मोजा : प्रेशर प्लेट फ्लायव्हीलवर बोल्ट करून, बेअरिंग-कॉलर तिच्यावर ठेवून, फ्लायव्हीलच्या पृष्ठभागापासून फोर्क जिथे टेकतो त्या कानापर्यंत ९२ मिमीच्या आसपास भरायला पाहिजे. गिअरबॉक्स चढवण्याआधी कॅलिपर घेऊन पाच मिनिटं द्या. ती पाच मिनिटं वाचवली तर नंतर अख्खा रविवार जातो.

डिस्ट्रिब्युटर. याचा दांडा ऑइल पंपाच्या दांड्यावरून फिरतो आणि पंप खालून चार बोल्टांवर बसतो. पहिला सिलेंडर कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा, पंप आणि दांडा खालून सरकवा आणि वरून डिस्ट्रिब्युटरच्या भोकात बघा. दांड्याच्या टोकाची पट्टी घड्याळातल्या ११:२५ सारखी दिसली पाहिजे, एक टोक अकरावर, दुसरं पंचवीस मिनिटांच्या खुणेवर, आणि पट्टीने झालेल्या दोन भागांतला लहान भाग गाडीच्या पुढच्या बाजूला. दांडा दात घेत घेत वर जाताना जरा फिरतो, त्यामुळे एकदम बरोबर बसत नाही, काढा, एक दात मागे घ्या, परत घाला. कंटाळू नका. एक दात चुकला तर डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवला तरी टायमिंग हातात येत नाही आणि माणूस मग कार्ब्युरेटर खोलत बसतो. पंप बसवण्याआधी त्यात तेल भरा, आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून ठेवून सेल्फ मारा, ऑइल प्रेशरचा काटा हलला की मगच प्लग लावा.

हेड उतरवायची वेळ आली (शक्यतो येऊ देऊ नका) तर आधी लाकडाची लांब निमुळती पाचर बनवा, तिला वर मजबूत दोरी बांधा, आणि पुढून टायमिंग चेनच्या दोन्ही बाजूंच्या मध्ये खाली ठोकून बसवा. मगच कॅमचं स्प्रॉकेट काढायचं. पाचर नसेल तर चेन सैल पडते, खालचा टेन्शनर बाहेर उडतो, आणि तो परत घालायला टायमिंग कव्हर काढावं लागतं, ते कव्हर वर हेड गॅस्केटला आणि खाली चेंबरच्या पॅकिंगला चिकटलेलं असतं. म्हणजे अर्ध्या तासाच्या कामाचे दोन दिवस.

पेट्रोलचं : एल२८ इंजेक्शनवालं होतं त्यामुळे त्याच्या कॅमच्या टोकाला मेकॅनिकल पंप चालवणारा एक्सेंट्रिक नसतो. हेडवर पंपाची जागा उघडी असेल तर तुमच्या जुन्या इंजिनाचा एक्सेंट्रिक आणि पंप तिथे येतो. नसेल तर कमी प्रेशरचा इलेक्ट्रिक पंप, तीन ते चार पीएसआय, मागे टाकीजवळ. त्याला सेफ्टी कट-ऑफ स्विच लावलाच पाहिजे, यावर मी तडजोड करणार नाही, कारण अपघात झाला, इंजिन बंद पडलं आणि पंप पेट्रोल ओतत राहिला तर काय होतं ते सांगायला नको. तुमच्या गाडीवर गोल डोक्याचे हिताची एसयू पद्धतीचे कार्ब आहेत, १९७२पर्यंत तेच होते आणि ते फार चांगले आहेत, ७३-७४चे चपट्या डोक्याचे कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. मोठ्या इंजिनाला मिश्रण जरा पातळ पडेल, जाणकार लोक यासाठी एसएम नावाच्या सुया घालतात, त्या बघा.

टॅपेट क्लिअरन्स थंड इंजिनाला इनटेक ०.२० मिमी, एक्झॉस्ट ०.२५, आणि गरम झाल्यावर परत तपासा, तेव्हा ०.२५ आणि ०.३०. तेल घालताना झिंक जास्त असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं घ्या, रॉकर-कॅमला त्याची गरज आहे.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन करायचं असेल तर २८०झेडएक्सचा डिस्ट्रिब्युटर स्वस्त आणि भरवशाचा आहे. फक्त तुमच्या गाडीचा टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) कॉइलच्या वायरमधून जाणाऱ्या करंटवर चालतो, बॅलास्ट रेझिस्टर काढताना ती टॅकोची वायर तोडून टाकली तर गाडी चालू होणार नाही किंवा काटा मेलेला राहील. वायर तशीच सर्किटमध्ये ठेवा. हे नंतर केलंत तरी चालेल, आधी जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर गाडी चालू करा. एका वेळी एकच गोष्ट नवी असली की बिघाड सापडतो.

कायद्याचं तुमचं सोपं आहे, कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी, नाही. तुमच्या ओळखीत कोणाची ७६ची किंवा नंतरची २८०झेड असेल तर त्यांना मात्र हे पत्र दाखवून सांगा की त्यांचं तसं नाही, तिथे घालायचं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं लागतं, त्याची सगळी एमिशनची उपकरणं लागतात आणि स्मॉग रेफरीकडून, म्हणजे अशा बदलांची तपासणी करणाऱ्या केंद्रातून, तपासून घ्यावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं मेलेलं एल२४ भंगारात देऊ नका, विकू नका, कोणी ब्लॉक मागितला तरी देऊ नका. बॉनेट उघडून बघा, आत एक छोटी पत्र्याची पाटी आहे, तिच्यावर गाडीचा नंबर आणि इंजिनाचा नंबर दोन्ही छापलेले आहेत. तो नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळत असेल तर ते इंजिन या गाडीत जपानमधल्या कारखान्यात बसवलेलं आहे. आज रिपेअर परवडत नाही, दहा वर्षांनी परवडेल, किंवा तुमच्या मुलांना परवडेल. सिलेंडरमध्ये तेल घाला, सगळी भोकं बंद करा, प्रत्येक सुटा बोल्ट पिशवीत घालून पिशवीवर नाव लिहा, आणि गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी पॅलेटवर झाकून ठेवा. चार हजारात गाडी चालू करायचा हा मार्ग मला म्हणूनच आवडतो की यात मागचं काही मोडावं लागत नाही.

होइस्टबद्दल एक, इंजिन-गिअरबॉक्स एकत्र काढा आणि एकत्रच घाला, वेगळं करून गाडीत जोडायला गेलात तर पहिल्या वेळेला फार त्रास होतो. बॉनेट काढा, बिजागरांभोवती पेनाने खूण करा, बरोबर एक माणूस घ्या. वजन दोनशे किलोच्या वर आहे, त्याच्याखाली हात घालायचा नाही, कितीही छोटं काम असलं तरी.

प्रश्न : देव बरें करूं. माझ्याकडे सॅन स्टॉर्म ही दोन सीटची छोटी गाडी आहे, आपल्या गोव्यातलीच, बाबांनी हौसेने घेतलेली. आतलं रेनॉचं इंजिन धूर टाकतंय, पिकअप गेलाय. इथला मेकॅनिक म्हणतो स्पेअर मिळत नाहीत, मारुतीचं १.२चं बसवून देतो, सेन्सर-बिन्सर सगळं जमवतो. करू का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : करू नका, आणि याची दोन कारणं आहेत.

पहिलं कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे उत्पादकाने जे दिलंय आणि आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये हे आणखी स्पष्ट केलंय. त्याच प्रकारचं दुसरं इंजिन घालायचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घेतात. दुसऱ्याच कंपनीचं इंजिन म्हणजे आरसीशी न जुळणारी गाडी, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबरच बघणार. स्वतःचं नुकसान आपण सोसू, समोरच्याला लागलं तर काय?

दुसरं म्हणजे स्पेअर मिळत नाहीत हे अर्धवट खरं आहे. गोव्यात मिळत नाहीत. पण तुमच्या गाडीतलं इंजिन रेनॉचं डी७एफ, ११४९ सीसी, आठ व्हॉल्व्हचं, आणि हेच इंजिन युरोपात ट्विंगो, क्लिओ आणि कांगू या गाड्यांमध्ये चाललंय. लाखो लोकांच्या रोजच्या वापरातलं साधं इंजिन आहे ते. रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑइल सील हे सगळं बाहेरून मागवता येतं आणि छोटं पार्सल होतं. मेकॅनिकला इंजिन खोलायला सांगा, लेथवाल्याकडून बोअर मोजून घ्या, मग नेमकी यादी करून एकदाच मागवा. तुमचे कोणी नातेवाईक पोर्तुगालला असतील, गोव्यात अनेकांचे असतात, तर त्यांना यादी पाठवा, तिथे या गाड्यांचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे.

मारुतीचं इंजिन बसवायला लागणारी मजुरी, बदललेले ड्राइव्ह शाफ्ट, वायरिंग आणि फाउंडेशन यांची बेरीज मेकॅनिककडून लेखी घ्या आणि मूळ इंजिन नीट बांधायच्या खर्चाशेजारी ठेवून बघा. बाबांची गाडी आहे, आणि फायबरच्या बॉडीची, भारतात बनलेली दोन सीटची गाडी किती जणांकडे आहे हो? तिच्यात तिचंच इंजिन असू दे.

जाता जाता, काही वाचकांनी व्हिंटेज नोंदणीबद्दल विचारलंय ते याच्याशीच जोडलेलं आहे. २०२१च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. वडिलोपार्जित फियाटमध्ये डिझेल इंजिन घालून ठेवलं असेल तर ते दार बंद. शिवाय त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढता येते.

प्रश्न : सर, लेस्टरला राहतो, १९७१ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, क्रोम बंपरवाली. इंजिन थकलंय. रोव्हर व्ही८ टाकायची फार इच्छा आहे, क्लबमधले सगळे म्हणतात सोपं आहे. बजेट बेताचं. — एक वाचक, लेस्टर

उत्तर : इच्छा समजू शकतो, ते इंजिन आहेच तसं. मूळ ब्युइकचं, रोव्हरने घेतलेलं, ३५२८ सीसी आणि सगळं अॅल्युमिनियमचं, त्यामुळे तुमच्या बिडाच्या १७९८ सीसी बी-सिरीजपेक्षा फार जड होत नाही. कंपनीने स्वतः १९७३ ते ७६ या काळात एमजीबी जीटी व्ही८ म्हणून २५९१ गाड्या बनवल्या. म्हणजे हेसुद्धा घराण्यातलंच झालं, आणि वरच्या दोन्ही उत्तरांत जे म्हटलं त्याच्या विरोधात नाही.

पण क्लबवाले सोपं म्हणतात ते बहुधा १९७४च्या उत्तरार्धापासूनच्या रबर बंपरच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून. त्यांच्या इंजिन बेमध्ये व्ही८ची सोय आहे. तुमच्या ७१च्या बॉडीत बल्कहेड आणि आतले विंग ठोकून जागा करावी लागते, फाउंडेशन वेल्ड करावी लागतात, स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टला नडतो, रेडिएटर पुढे सरकवावा लागतो. गिअरबॉक्स बदलतो, हाउसिंगचं रेशोही बदलायला हवं, कारण तुमच्या गाडीचं ३.९ आणि फॅक्टरीच्या व्ही८ला ३.०७ दिलं होतं, तुमचं ३.९ तसंच ठेवलं तर हायवेला इंजिन उगाच ओरडत राहतं. ब्रेक राहिलेच.

बेताच्या बजेटमध्ये मी तुम्हाला बी-सिरीजच बांधा म्हणेन. पाच बेअरिंगची क्रँक आहे, मजबूत आहे, एमजीबीचा एकूणएक भाग ब्रिटनमध्ये आजही नवा मिळतो, आणि ब्लॉक चांगला असेल तर मशीन शॉप तो १९५० सीसीपर्यंत बोअर करून देतं. त्याच्याबरोबर हेडचं नीट काम केलंत तर ओव्हरड्राइव्हमध्ये मोटरवेला गाडी मजेत पळते.

तरीही व्ही८च करायचं ठरलं तर दोन कागदाची कामं विसरू नका. डीव्हीएलएला, म्हणजे तिकडच्या वाहन नोंदणी खात्याला, नवा इंजिन नंबर आणि सीसी कळवून लॉगबुक बदलून घ्या, इंजिन कुठून घेतलं त्याची पावती जपून ठेवा. आणि चाळीस वर्षांवरच्या गाडीला मिळणारी एमओटीची (दरवर्षीच्या गाडी तपासणीची) सूट मागच्या तीस वर्षांत मोठा फेरफार नसेल तरच आहे. फॅक्टरीने त्या मॉडेलला दिलेलं पर्यायी इंजिन मोठा फेरफार धरत नाहीत, पण सिलेंडरची संख्या बदलली की प्रश्न विचारले जाऊ शकतात, म्हणून काम सुरू करण्याआधी क्लबच्या तांत्रिक सल्लागाराकडून लेखी मत घ्या. सूट असली तरी एवढं मोठं काम केल्यावर स्वतःहून एमओटी करून घ्या, ब्रेक आणि स्टिअरिंग दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून गेलेले बरे.